कक्केरी एक

वडगावात ढवळींच्या मागांवरची खोली, तोच आमचा स्टुडिओ.
ढवळींनी माग बंद ठेवायला पस्तीस मिनिटं दिली होती,
त्यातली नऊ इरण्णाच्या लाइटनंच खाल्ली.
मी उजळलो होतो उकडलेल्या अंड्यासारखा;
समोरच्या खुर्चीत नुसता शर्ट दिसत होता.
"अजून एक हॅलोजन लाव," मी म्हणालो.

बस्त्यांव सिद्दी उठला.
पावडरचा डबा हलकेच बाजूला सारला,
खिशातल्या बाटलीतलं खोबरेल गालांना लावलं,
आणि दिवा फिरवून भिंतीवर मारला.
"उजेड अंगावर टाकू नका, अंगावरनं जाऊ द्या.
चोवीस वर्षांत एवढंच शिकलोय बघा."
मॉनिटरवर एक माणूस हळूहळू आला:
कपाळ, गालाची हाडं,
डाव्या भुवईत टाक्यांची जुनी खूण.
इरण्णा "अय्यो" म्हणाला,
इतक्या हळू की माइकनं ते घेतलंच नाही.

माझ्या हातात कार्डं होती.
पहिलं कार्ड, आजवरच्या भूमिका.
"दारवान. मग दारवान. मग मोठ्या बंगल्याचा दारवान.
दोनदा जल्लाद.
एकदा गुलाम, त्यात भाकरी तरी खरी होती.
नंतर पिक्चर शहरात गेले तसा मी नायजेरियाचा झालो.
पासपोर्ट कधी काढला नाही,
तरी चार वेळा देशाबाहेर हाकललंय मला."
मी हसलो. मग कळेना, हसायचं होतं का.

कार्डावर नव्हतं ते तोंडातून गेलं:
मूळचे कुठले तुम्ही?
"तुम्ही?"
आजऱ्याचे. आजोबा आले इकडं.
"मग माझ्यापेक्षा नवीन की तुम्ही."

आणि मग त्यानं ते सांगितलं.
मुंबईचा दिग्दर्शक म्हणाला,
तुमच्या भाषेत चिडून बोला दोन वाक्यं.
"कोकणीत बोललो. कट.
मराठीत बोललो. म्हणे, चेष्टा नको.
कानडी त्याला जरा बरी वाटली, पण तीही नको,
आफ्रिकन पाहिजे म्हणे, आफ्रिकन.
सकाळपासनं पोटात काही नाही, सगळे थांबलेले.
डोळे मिटले आणि आलं ते बोललो."
खुर्चीतच त्याची पाठ ताठ झाली,
आवाज बेंबीपासून:
"नंदगड! हलशी! बीडी, बीडी...
कक्केरी!"

दिग्दर्शकाच्या अंगावर काटा. एका टेकमध्ये ओके.
पडद्याखाली पट्टी: तुझं रक्त पिईन.

खानापूरच्या टॉकीजला पहिल्या खेळाला भावकी सगळी.
ते वाक्य आलं आणि लोक उठून उभे.
कोण ओरडलं, जागा धर रे!
कोण म्हणालं, सुट्टे द्या, सुट्टे!
"खुनाच्या सीनला माणसं अशी हसलेली
मी कुठं बघितली नाहीत.
आईपण हसली.
इंटरव्हलला भजी खाताना म्हणाली,
सगळी गावं सांगितलास,
आपल्या वाडीचं नाव नाही घेतलास."

मी कार्डं चाळली. पुढचं कार्ड होतं, आवडता पदार्थ.

"बस तिथं जात नाही ना,"
तो म्हणाला, मला नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

तेवढ्यात खाली माग सुरू झाले.
त्यानंतर तो तीन मिनिटं बोलला,
स्वतः काढायचा आहे त्या पिक्चरबद्दल.
जेवताना जरा विचारलं होतं तेव्हा एवढंच म्हणाला होता
की त्यात कोणी दारवान नाही.
टेपवर नुसते ओठ आहेत
आणि खटक् खटक् खटक्.
मी ती तीन मिनिटं कापली नाहीत.
मालक म्हणाले, बिघडलंय. होय, म्हणालो.

रात्री स्टँडवर सोडायला गेलो.
कंडक्टर दारात लोंबकळत,
झोपाळलेल्या आवाजात त्याचाच डायलॉग म्हणत होता,
रोजचा, पट्टीशिवाय.
बस्त्यांव चढला. खिडकीची काच अर्धी फुटलेली,
म्हणून आवाज बाहेर आला:
"कक्केरी एक."
कंडक्टरनं मान वर केली नाही.
"सुट्टे द्या."