वास येत नाही

हिरवं म्हणतात याला, पण रंग काळ्या चहाचा.
कालपर्यंत दोन पांढऱ्या भुकट्या होत्या:
एक, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात ती,
दुसरी, रूबार्बच्या पानांत असते ती,
जिच्या भीतीनं आई पानं तोंडात घालू देत नसे.
दोन्ही कोरड्या, दोन्ही हट्टी.
एका भांड्यात घेऊन शेगडीवर ठेवल्या,
ढवळता ढवळता दोघींनी हट्ट सोडला.
पाण्याचा थेंब न घालता
वितळून एक झाल्या.

त्यात बर्चचा भुसा, रात्रभर.
लाकडाला उभं धरणारं जे असतं
ते सुटून येतं, न ओरडता.

ओइवा, माझे वडील, चौतीस वर्षं गिरणीत,
लाकूड शिजवायच्या टाकीपाशी.
सडक्या कोबीचा तो वास तळ्यापलीकडे जायचा.
कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, पगाराचा वास आहे.
आमच्या पडद्यांना, पावाला, माझ्या वेणीला
पगाराचा वास होता.
गिरणी बंद झाली त्या वर्षी हवा स्वच्छ झाली
आणि शेजारची तीन घरं रिकामी.

रविवारी बाटली घेऊन गेले.
खिडकीपाशी धरून त्यांनी ती फिरवली,
बूच काढून नाकाशी नेली.
"वास येत नाही."
याच्याबद्दल म्हणतायत की आपल्या नाकाबद्दल,
मला कळेना.
मी म्हटलं, तसंच असायला हवं.
बराच वेळ गेला. मग,
"पगार कोण देतं तुला?"
तीन वर्षांचा प्रकल्प आहे, म्हटलं.
सव्वादोन संपली, हे नाही म्हटलं.

मग ते डांबराच्या खड्ड्याचं सांगू लागले:
त्यांचे आजोबा, पाइनची खोडं,
वर शेवाळ, वर माती, खाली मंद धग.
नऊ रात्री आळीपाळीनं जागायचं.
एका फटीतून हवा शिरली
की वर्षाची मेहनत राख.

माझ्याही भट्टीत हवेला मज्जाव आहे, म्हटलं.
नायट्रोजन. नऊशे अंश.
"जागतेस?"
जागते.

पाचव्यांदा वापरतेय तोच द्रव.
दर वेळी थोडा गडद होतो, थोडा कमी भरतो;
किती कमी, ते वहीत पेन्सिलीनं लिहिते,
आणि भट्टीच्या विजेचा आकडा
वेगळ्या पानावर, जे सहसा उघडत नाही.
या काळ्या भुकटीची बॅटरी होईल म्हणतात.
गोट्याएवढीसुद्धा नाही अजून,
शर्टाच्या बटणाएवढी,
अकरा दिवस टिकली, बाराव्या दिवशी गप्प.

जाताना चिमूटभर कार्बन त्यांच्या तळव्यावर ठेवला.
अंगठ्यानं त्यांनी तो घासला,
रेघांत शिरला, हाताच्या सगळ्या रेघा
छापल्यासारख्या वर आल्या.
साबणानं जाईल, मी म्हटलं.
"बघू."

जेवायला थांबले मग.
पाव त्यांनी डाव्या हातानं मोडला.