खालच्या जबड्याची दुसरी दाढ

आई ऑक्टोबरात केशर निवडायची.
टेबलावर जांभळ्या फुलांचा ढीग
आणि एकेका फुलात तीनच तंतू.
तिची बोटं नाताळपर्यंत पिवळी असत.
तीच बोटं घेऊन मी तेरुएलच्या या तळघरात आले,
जिथे ताशी पगारावर माती निवडतात.

रेमिखियोच्या बदामांखालची घळ,
तिथली चाळीस पोती करडी माती
ओढ्यावर धुतली, ताडपत्रीवर वाळवली.
उरलंय ते आता चिमटीचिमटीने भिंगाखाली.
ओल्या ब्रशचं टोक. श्वास धरायचा.
शंखाची कपची. जिप्सम. जिप्सम. काही नाही.
मग दात,
तिळाहून लहान.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतंय, तेरा वर्षं.

लिरोनचा, हे लगेच कळलं.
हिवाळाभर झोपणारा उंदीर तो;
माझ्या नवऱ्यालाही गावात लिरोनच म्हणायचे.
दाढेचा माथा नांगरलेल्या वावरासारखा, आडव्या सऱ्या.
सहा असायला हव्यात.
सात.
चष्मा पुसला. सात.

डॉक्टर ओलाइत्स म्हणाल्या, असेल एखाद्याचं जन्मतःच वाकडं.
एका दातावर नवी जात उभी राहत नाही, फेलिसा.

एकोणिसाव्या पोत्यात दुसरी दाढ.
तिसाव्यात आणखी एक, उजवीकडची.
सातवी सरी तशीच, अर्ध्यात थांबलेली,
बांधापर्यंत न पोचलेली.
त्या दिवशी बाई काही बोलल्या नाहीत.
स्टूल ओढलं, खण उघडले,
फ्रान्सचे दात, तुर्कस्तानचे साचे,
दिवे लागले तरी कोट अंगातच.
कुठल्याच खणात सातवी सरी नव्हती.

नाव घळीवरून पडलं. रेमिखियो अजून रुसलेला आहे.

बाकी त्याचं काहीच नाही आमच्याकडे.
शेपूट झुबकेदार होती का, कुठल्या ढोलीत झोपायचा.
घुबडाने गिळला आणि तळ्याकाठी ओकला, एवढंच.
पण एक दाढ आहे, झिजून सपाट झालेली,
सऱ्या मोजताच येत नाहीत.
म्हणजे एक तरी म्हातारा झाला.
ती मी वेगळ्या कुपीत ठेवलीय, न विचारता.

परवा नातीचा दात पडला.
इथे तो उशीखाली ठेवतात,
रात्री उंदीर नेतो आणि नाणं ठेवतो.
म्हटलं, आण, आधी भिंगाखाली बघू.
तिने मूठ मिटली.
हा त्याचा आहे, म्हणाली,
तुम्ही त्याचे आधीच किती घेतलेत.