समोवारची किंमत

उन्झा नदीच्या वळणावर, शेवटून दुसऱ्या घरात
तो आहे, असं कळलं होतं:
तुळा शहरात घडलेला, पितळी, पोटावर चार पदकं.
पैसे मोजून आतल्या खिशात घातले,
चिखलासाठी लांब बूट चढवले
आणि यारोस्लावलहून निघालो.

कपितोलिना येगोरोव्ना म्हणाली, बसा.
कोरड्या घशाने व्यवहार करू नये.

अंगणात तिने समोवारच्या नळीत
पाइनची सुकी बोंडं टाकली, बर्चची पेटती साल सोडली,
मग खुंटीवरून एक बूट काढला,
घड्या पडून भात्यासारखा झालेला,
त्याचं तोंड नळीवर बसवलं
आणि खालीवर, खालीवर.
"लाव्रेंतीचा. डावा.
उजवा नदीनं ठेवून घेतला.
त्याला तेवढं परत दिलं."
समोवार आधी कुजबुजला,
मग बायका जमल्यासारखा बोलू लागला.

वरच्या चिमुकल्या किटलीत काळाकुट्ट अर्क.
तो तिने अर्धा कप ओतला, वर उकळतं पाणी.
"पातळ केला तर त्यातून मॉस्को दिसतं," म्हणाली,
"आणि इथून मॉस्को दिसून करायचंय काय?"
साखरेचा खडा दातांत, चहा बशीत,
बशी तीन बोटांवर.
दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा, बिया कुरकुरणाऱ्या.

मी कप रिकामा केला. तिने भरला.
सभ्य माणूस म्हणून तोही संपवला.
तिने भरला.
सहाव्याला गाईचं आजारपण झालं,
आठव्याला शेजारी सव्वातीचं कर्ज,
नवव्याला मी तोंड उघडलं: "समोवारचं म्हणत होतो..."
"तापलाय अजून. तापलेल्याची किंमत काढू नये."

अकराव्याला माझ्या कपाळावर घाम,
खिडकीत अंधार,
आणि तिला दया आली.
"अरे, तुला कुणी सांगितलं नाही?
पुरे झालं की कप बशीवर पालथा घालायचा,
वर उरलेला साखरेचा खडा.
नाहीतर ओतणारीनं थांबायचं कसं?"

मी पालथा घातला.
खडा ठेवला. एवढासा, कडेला चावलेला.
आता बोलायला हरकत नव्हती.
पण तिने तो बूट उचलून दिव्यापाशी धरला.
तळव्याला बोटभर चीर.
"हवा गळते," म्हणाली.
आणि टेबलाखाली पाहिलं.
"कितीचा?"
"त्रेचाळीस."
"डावाच हवा."

त्याचा जुना तिने दाराशी उभा केला,
टोक नदीकडे.

रात्री सव्वाशे किलोमीटर
तिने दिलेल्या लोकरी मोज्यात क्लच दाबत आलो.
खिशात पैसे तेवढेच.
बायको दारात म्हणाली, समोवार कुठाय?
मी म्हणालो, आधी चहा टाकतेस का,
मग म्हणालो, नको.