बर्फाचा भाव

दाभोळच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आठ बाय दहाची खोली.
अमोनियाचा वास भिंतीतून झिरपतो,
पण मशीन थंड राहतं, भाडंही परवडतं.
इथे माझा सर्व्हर. पत्ता एक,
त्या पत्त्यावर सतरा बिऱ्हाडं:
फेरीबोटीचं वेळापत्रक, खारवी सोसायटी,
सुलभाताई मयेकरांचं कोकम, दोन शाळा, एक दंतवैद्य,
आणि अंजनवेलचा एक माणूस
जो नुसते शिंपल्यांचे फोटो लावतो.

येणारा प्रत्येक जण दारात आधी नाव घेतो.
स्वतःचं नाही; ज्याच्याकडे जायचंय त्याचं.
त्या ओळीला म्हणतात होस्ट, म्हणजे यजमान.
पाहुण्यानेच सांगायचं यजमान कोण ते,
नाहीतर मला कसं कळणार
कुठल्या बिऱ्हाडाची कडी काढायची?
कुलपाच्या दाराने येणाऱ्यांना तर
कुलूप निघायच्या आधीच, उघड्यावर, नाव घ्यावं लागतं.

पुरतं जुळलं तर प्रश्नच नाही.
नाही जुळलं तर तारा लावलेली नावं बघायची,
‘अमक्यांकडचा कोणीही चालेल’ अशी,
लांबातलं लांब आधी.
तेही नाही, तर फाइलींत जो पहिला
त्याच्या ओटीवर नेऊन बसवायचं.
परत पाठवायची रीत मी घातलीच नव्हती.

आणि पहिला कोण, हेही मी ठरवलं नव्हतं.
बर्फवाल्या नाटेकरांनी सगळ्यांआधी पैसे दिले,
त्यांची फाइल शून्य-शून्य-शून्य.
म्हणून चुकलेला प्रत्येक जण बर्फाचा भाव वाचतो:
लादी, अर्धी लादी, चुरा.

झुलेखाबी परकारांची खानावळ मी शिमग्यानंतर काढली.
बाई आदल्या पावसात गेलेल्या,
दोन वर्षांचं भाडं थकलेलं, फोन कोणी उचलेना.
सात ओळींची फाइल. पुसली,
सर्व्हरला म्हटलं, पुन्हा वाच.
त्याने वाचलं. तक्रार केली नाही.

गणपतीत नोंदी चाळताना दिसला
कुवेतचा एक पत्ता.
शुक्रवारी, तिकडच्या दुपारी,
जुन्या बिनकुलपाच्या ऐंशी नंबरच्या दाराने यायचा
आणि झुलेखाबींचं नाव घ्यायचा.
नावाचे पैसे कोणीतरी अजून भरत होतं,
ते नाव माझ्याच दाराकडे बोट दाखवत होतं,
आत बिऱ्हाड नव्हतं.

तेवीस शुक्रवार.
तेवीस वेळा आम्ही त्याला बर्फाचा भाव दाखवला
आणि शेजारी लिहून ठेवलं: दोनशे.
दोनशे म्हणजे ठीक, मागितलं ते दिलं.
चारशे चार पडला असता तर नजरेत आलं असतं.
‘सापडत नाही’ एवढं म्हणायला तरी
कोणीतरी शोधावं लागतं.

त्या रात्री जुनी डिस्क काढली.
पान होतं तसंच: धक्क्यापासून तिसरं दार,
तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं, जुम्म्याला बिर्याणी,
‘मानसं किती ते आगाऊ सांगावे’.
तेव्हाही दुरुस्त केलं नव्हतं, आताही नाही.
फक्त फोन नंबर काढला.
सात ओळी परत लिहिल्या,
खाली जोडलं की पुढे तीन डब्ल्यू लावून येणारा
आणि न लावता येणारा, दोघेही घरचेच.
पहिली फाइल अजून नाटेकरांचीच आहे.
त्यांना यातलं काही माहीत नाही.

शुक्रवारी पलीकडे लाद्या फुटत होत्या.
नोंद पडली. कुवेत. तेच नाव. दोनशे,
तोच आकडा, जो बर्फाला पडायचा.
पण या वेळी तेवढ्यावर थांबलं नाही.
पाठोपाठ मागणी आली फोटोंची,
ओटा, हंडी, हसू आवरत बसलेल्या बाई,
एकेक करून,
आणि प्रत्येक मागणीत, आधी, पुन्हा ते नाव.