रकाना : इतर

सोहार बंदराच्या मागे, नऊ नंबर कॅम्पच्या मेसमध्ये
तेलकट टेबलं पुसून आम्ही दुकान मांडतो :
कापूस, सुया, पांढऱ्या झाकणांचे डबे,
आरोग्य खात्याचा शिक्का असलेले फॉर्म.
सरकारला जाणून घ्यायचंय
बाहेरून आलेल्यांची मूत्रपिंडं
इथल्यांपेक्षा लवकर का थकतात.
तीन वर्षांचा निधी आहे.
माझा पगार त्यातलाच.

फॉर्म पाच भाषांत. मी मंडणगडची,
हिंदी-उर्दूच्या रांगेवर नेमलेली.

चारशे सतरा नंबरचा माणूस हिंदीत अडखळला,
मग स्वतःशीच पुटपुटला,
"आता हिला कसं सांगावं?"
सांगा की, मी म्हटलं, मराठीतच सांगा.
तो जरा वेळ डब्याकडेच बघत राहिला.
थावरा राठोड. तांडा उमरखेडच्या पलीकडे.
घरी गोरमाटी. मराठी शाळेपुरती,
शाळा चौथीपुरती.

"लघवीचं काय करता, ताई?"
मोजतो.
"आन् घामाचं?"

घामाला डबा नव्हता.

प्रश्न एकवीस : दिवसाला पाणी किती पिता?
"पीत नाही."
मिळत नाही?
"मिळतं की. बर्फाचं मिळतं.
पण पाणी प्यालं की जावं लागतं,
आन् संडास क्रेनच्या त्या अंगाला.
जाऊन येईस्तोवर
मुकादम अर्धा तास कापतो."
माझं आडनाव मुकादम.
ते मी त्याला सांगितलं नाही.

पर्याय होते एक लिटर, दोन, चार, चारहून जास्त.
मी 'इतर'वर खूण केली
आणि दोन बोटं जागेत
मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं लिहिलं,
घाईत, मराठीतच.

मस्कतला आकडे भरणाऱ्या शमसाचा फोन आला.
ही कुठली लिपी? मशीन घेत नाही. कोरं सोडू?
मी मोडक्या अरबीत सांगत गेले.
पलीकडे शांतता. मग म्हणाली,
हळू सांग, मी हातानं लिहून घेते.

रक्ताचा आकडा आला तो वाईट.
शोधत गेले तर खाट मोकळी, गादी गुंडाळलेली.
करार संपला, परवाच्या विमानानं गेला.
आमच्या यादीत अशांना म्हणतात 'गळाले'.
एकूण एकसष्ट.

उमरखेडचा नंबर लागला तिसऱ्या दिवशी.
बाईमाणूस होतं. मी म्हटलं, त्यांना यवतमाळला न्या,
क्रिएटिनिन तपासा, शब्द लिहून घ्या, क्रि, ए...
"तुमी कोन?"
सरकारकडून बोलतेय.
"कोन्त्या?"

पुढल्या उन्हाळ्यात क्रेनच्या अलीकडे
निळा, प्लास्टिकचा एक संडास उभा होता.
मी पाण्याच्या पिंपापासून चालत गेले. सत्तर पावलं.
मुकादमाचं घड्याळ मात्र तेच.

नव्या फॉर्मवर प्रश्न बावीस आलाय :
संडास किती पावलांवर आहे?
चार पर्याय.
खाली 'इतर'.
जागा अजून दोन बोटंच.