धडा

डेकोरेशनवाल्या अस्लमकडे सातशे रुपये अडकले होते,
काट्याच्या दुरुस्तीचे.
एका सकाळी त्यानं लग्नातून उरलेलं ऑर्किड
माझ्या गल्ल्यावर आणून ठेवलं,
म्हणाला, बाकी यातच फिटली समजा.
मी समजलो.

पांढरी नऊ फुलं, प्रत्येकाला जांभळी जीभ.
पाटणकर बाजारात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं.
गिऱ्हाईकं वजनांवरचा शिक्का बघायचा सोडून
पाकळी चिमटीत धरून बघत,
प्लास्टिकची आहे का म्हणून.

घरी नेलं. मोठी कुंडी, चाळलेली माती, वर शेणखत.
गळ्यापर्यंत पुरलं
आणि रोज तुळशीबरोबर त्यालाही एक तांब्या.
चैत्र सरता सरता एक फूल गळलं.
मी दोन तांबे केले.

वैशाखात ग्वाल्हेरचा पारा सेहेचाळीस.
दुपारची लू सुटली की अख्खं लश्कर
दारं लावून आत बसतं.
मी कूलरचं तोंड झाडाकडे वळवलं.
कुमुद म्हणाली,
माझं बाळंतपण याच खोलीत, याच महिन्यात झालं,
तेव्हा एक हातपंखा होता
आणि तोही मीच हलवत होते.
खोटं नव्हतं.
कूलर जरा मध्ये आणला.

खालचं पान पिकलं. मग त्याच्यावरचं,
काळ्या पडलेल्या केळीच्या सालीसारखं मऊ.
पिशवीत घालून नर्सरीत नेलं.
रामसेवक कुशवाहनं कुंडीत बोट खुपसलं, वास घेतला,
‘मिट्टी में काहे गाड़ दिया?’
लावलं नाही म्हणाला. गाडलं.
मग सांगत बसला,
हे दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर राहणारं,
पाऊस येतो, निथळून जातो,
मुळं वाऱ्यावर सुकतात आणि तेच त्यांना हवं असतं.
तहानेनं मरायला याला महिने लागतात,
पाण्यानं आठ दिवस.

रात्री ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं,
कात्री उकळून घेतली, मनाचा धडा केला.
मूळ धरून ओढलं की साल हातात यायची,
आत नुसता दोरा.
सतरांतली चौदा गेली.
कापल्या जागी दालचिनीची पूड दाबली.
स्वयंपाकघरात मसालेभाताचा वास
आणि कुणाला भूक नाही.
बन्ने इस्त्रीवाल्यानं मूठभर कोळसा दिला,
पैसे घेतले नाहीत,
कशाला हवाय तेही विचारलं नाही.

आता ते दुकानातच असतं, सोनारी काट्याशेजारी.
कुंडी, कोळसा, बांधायची तार,
सगळ्याचा आधीच धडा करून ठेवलाय.
काटा दाखवतो ते फक्त झाड
आणि झाडातलं पाणी.
ही दोन वेगळी करून दाखवील असा काटा
चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हाताखालून गेला नाही.

सोमवारी एकशे बारा ग्रॅम.
बुधवारी सत्याण्णव.
ऐंशीच्या खाली उतरलं की बादलीत दहा मिनिटं,
मग निथळायला टांगून.
वाटलं म्हणून पाणी द्यायचं नाही.
वाटण्याचा पासंग माझ्याच हातात होता इतके दिवस.

तिसरं पान गळलं तेव्हा ते वेगळं तोललं.
साडेअकरा.
वहीत कुठे लिहावं कळेना,
जमेला की नावे.
दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं.

उरलेल्या तीन मुळांपैकी एक
भिजलं की हिरवं होतं,
तासाभरात परत राखाडी.
ते मी लिहीत नाही,
पण त्या तासात शटर ओढत नाही.

काल अस्लम आला होता.
कैसा है वो?
मी काट्यावरची नजर न काढता म्हटलं,
एकाहत्तर.
त्याला वाटलं, बाकी राहिली असावी.
त्यानं खिशात हात घातला.