मंगळवारची नोंद

डुलूथच्या ग्रंथालयाचं तळघर. मार्च निम्मा सरलाय,
सरोवर अजून पांढरंच.
शनिवारी दहा ते दोन मी इथे लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देतो, फुकट.
निवृत्त पोस्टमनला दुसरं काय जमणार,
आयुष्यभर परक्यांचीच पाकिटं.

एल्मा राउटिओ, वय एक्क्याऐंशी,
ओले बूट दाराशी काढून मोज्यांवरच समोर बसली.
'कागदाच्या गिरणीचे पन्नास शेअर होते. विकले.
चेक आला, बँकेत टाकला.
बाकी कुणी काही पाठवलं नाही.'
हातात फक्त बँकेची चिठ्ठी : चार हजार सहाशे डॉलर.
ज्याने विकून दिले त्या दलालाच्या दुकानात
आता कुत्र्यांचे केस कापतात.

तरी सांगावं लागतंच.
कागद आला नाही म्हणून विक्री झालीच नाही, असं होत नाही.
फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन आहे, एफ अक्षराचा :
वर्षाहून जास्त जवळ ठेवलेलं, कागदाविना विकलेलं.
तिथे खूण करायची, आणि शेजारच्या रकान्यात
घेतलं केवढ्याला ते लिहायचं.

'ते ठाऊक नसेल तर?'
तर शून्य, मी म्हणालो.
दाखवता आलं नाही तर सरकार धरून चालतं
की तुम्हाला ते फुकटच पडलं.
'फुकट,' ती म्हणाली, आणि पिशवीतून
बिस्किटांचा डबा काढला.

डब्यात भावाच्या वह्या. रेइनो.
गिरणीच्या लगद्याच्या खात्यात सदतीस वर्षं,
लग्न नाही, सुट्टीला बर्फात भोक पाडून मासे.
शिसपेन्सिल, उभी अक्षरं, मधेच एखादा फिनिश शब्द :

१९ जानेवारी ७४. बर्फ चौदा इंच. ट्राउट दोन.
शेअर दहा, एकतीसने.

४ मार्च ७९. बर्फ कुजका. परत फिरलो.
शेअर पंधरा, अठ्ठावीसने.

११ फेब्रुवारी ८३. उणे बत्तीस. गाडी सुरू होईना.
शेअर वीस, चाळीसने. एल्माला दातांसाठी पैसे दिले.

'दिले होते खरेच,' ती म्हणाली, आणि ओठ मिटून घेतले.

शेवटच्या पाचांवर माशाचं खवलं चिकटलेलं.
मी नखाने काढलं. खाली काही नाही,
आकडा विरून गेलाय.
त्या पाचांपुढे शून्य.
बाकीची बेरीज पंधराशे तीस,
मी दोनदा केली, तिने एकदा, बोटांवर.

मग मला आठवलं.
'तो गेल्यावर मिळाले ना हे तुम्हाला?
मग या वह्यांचं कामच नाही.
वारशाला त्या दिवसाचा भाव धरतात,
मागचं सगळं पुसलं जातं.
कधी गेला? गुरुवारी? गुरुवारी नव्वद होता.
तुम्हाला भरायचं असं काही उरतच नाही.'

ती माझ्याकडे बघत राहिली,
पत्ता चुकून आलेल्या पत्राकडे बघावं तशी.

'मंगळवारी दिले. स्वयंपाकघरात.
मागच्या बाजूला सही केली. हात कापत होता, पुन्हा केली.
म्हणाला, छत बघून घे. मग कॉफी मागितली.'

कोण होतं तिथे?

'आम्ही दोघं.'

म्हणजे विचारणारं कुणी नाही. हे मी बोललो नाही,
पेन मात्र खाली ठेवला.
फरक म्हणजे महिनाभराचं भट्टीचं तेल,
आणि तिचे मोजे टाचेला रफू केलेले.

'लिहा,' ती म्हणाली. 'मंगळवार.
मागे उरलेलं नाही ते.
त्याने दिलं.'

लिहिलं.
तिने सही केली, सावकाश, एकदाच.
वह्या डब्यात, डबा पिशवीत,
आणि बूट चढवता चढवता त्या खवल्याबद्दल विचारलं.

मी ते फुंकून टाकलं होतं.
दोघंही टेबलाखाली वाकून शोधत बसलो,
पुढचा माणूस आपले कागद छातीशी धरून उभा,
दोन वाजत आलेले.